खप दहा लाख, रॉयल्टी शून्य

मार्च 2013 मध्ये जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने एक चमत्कारिक निवेदन काढलं. 'टूम रेडर' हा नवा गेम बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, 34 लाख प्रती खपल्या होत्या, आणि कंपनी म्हणत होती की ही विक्री अपेक्षेपेक्षा कमी आहे. सोबत सुमारे एक हजार कोटी येनच्या असाधारण तोट्याचा अंदाज होता. अध्यक्ष योइची वादा पायउतार झाले. तेव्हा पुष्कळांनी याला हाव म्हटलं. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि गेम बनवणाऱ्या स्टुडिओंचे हिशेब तपासणं हे माझं काम. मला ते निवेदन सरळ वाटलं होतं. 34 लाख हा आकडा मोठा की लहान, हे ठरतं त्याच्या मागे खर्च किती होता आणि आलेल्या पैशावर पहिला हक्क कुणाचा होता यावर. निवेदनात नेमक्या याच दोन गोष्टी सहसा नसतात.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. गेमची किंमत एक हजार रुपये, खप एक लाख प्रती. ऐकणारा लगेच दहा कोटी म्हणतो. पण अर्ध्याअधिक प्रती सवलतीच्या काळात जातात, शिवाय काही देशांत किंमत मुळातच कमी ठेवलेली असते. सरासरी सहाशे रुपये हाती आले तरी पुष्कळ. झाले सहा कोटी. त्यातून कर गेला, परतावे गेले. (स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. दोन तासांच्या आत संपणारा छोटा, सुंदर गेम करणाऱ्यांच्या पोटात या नियमाने गोळा येतो.) राहिले पाच कोटी. दुकानाचा वाटा तीस टक्के, म्हणजे उरले साडेतीन. विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे गेली की स्टीम आपला वाटा पंचवीस टक्क्यांवर आणतं, पाच कोटी डॉलरनंतर वीसवर. ज्याला गरज नाही त्याला सूट, हा व्यापाराचा जुनाच न्याय.

आता प्रकाशक. गेम तयार होत असताना पगार भागवायला त्याने तीन कोटींची उचल दिलेली असते. उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज आधी कापून घेतात आणि उरलं तर शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होतं, तसंच इथे. त्यातही कापायची रीत महत्त्वाची. निम्मा-निम्मा करार असेल आणि उचल स्टुडिओच्या निम्म्यातूनच फेडायची असेल, तर स्टुडिओच्या नावावर पावणेदोन कोटी पडतात आणि सव्वा कोटी देणं शिल्लक राहतं. प्रकाशकाने मात्र तीन कोटी घालून साडेतीन कोटी वसूल केलेले असतात. एकच गेम, एकच खप. जाहिरातीचा खर्च सोडला तर एकजण नफ्यात आणि दुसऱ्याच्या हातात दमडी नाही. करारातलं हे कलम वाचल्याशिवाय मी खपाच्या आकड्यावर मत देत नाही.

हे सगळं उघड्यावर बघायचं असेल तर फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या रेमेडीकडे बघावं. कंपनी हेलसिंकीच्या शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे तिचे अहवाल कुणालाही वाचता येतात. 'मॅक्स पेन' या आपल्या गेमचे हक्क तिने 2002 मध्ये टेक-टू या अमेरिकी कंपनीला विकून टाकले होते. ऑक्टोबर 2023 मध्ये तिचा 'अ‍ॅलन वेक 2' आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, डिसेंबरअखेर दहा लाख प्रती गेल्या, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेरा लाख. रेमेडीचा इतक्या वेगाने खपलेला हा पहिलाच गेम. पण पैसा प्रकाशक एपिक गेम्सचा होता. निर्मितीचा आणि जाहिरातीचा खर्च वसूल झाल्यावर मगच निव्वळ उत्पन्नाची निम्मी वाटणी, असा करार. त्यामुळे रॉयल्टी सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. तोवर खप वीस लाखांच्या घरात गेला होता.

मधल्या काळात पगार कशातून झाले? जुन्या 'मॅक्स पेन'चं पुनर्निर्माण टेक-टूच्याच रॉकस्टारच्या पैशाने चाललं होतं. चीनच्या टेनसेंटकडून दीड कोटी युरोचं परिवर्तनीय कर्ज घेतलं. 'कंट्रोल 2'चा निम्मा निर्मितीखर्च अन्नपूर्णा या अमेरिकी कंपनीने उचलला. म्हणजे रेमेडी टिकली ती गाजलेल्या गेमच्या खपावर नाही, पुढच्या गेमसाठी जमवलेल्या पैशावर.

मग जून 2025 मध्ये 'एफबीसी: फायरब्रेक' आला. हा रेमेडीने स्वतः प्रकाशित केला आणि पहिल्या दिवसापासून वर्गणीच्या सेवांमध्येही ठेवला. दहा दिवसांत दहा लाख खेळाडू! पण वर्गणीदाराने गेम सुरू करून बघितला म्हणून रोकड वाढत नाही. वर्गणीसेवेने द्यायचं ते करारात आधीच ठरलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये कंपनीने जवळजवळ दीड कोटी युरो निर्लेखित केले, नफ्याबाबत धोक्याची सूचना दिली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले. गेम बनताना झालेला खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसलेला असतो. गेम कमावणार नाही हे कळलं की तो खर्च एका फटक्यात काढून टाकावा लागतो. म्हणून ताळेबंदातली 'अमूर्त मालमत्ता' ही ओळ मी नफ्या-तोट्याच्या पानाआधी उघडतो. निवेदनात प्रतींऐवजी 'खेळाडू' मोजायला लागले की माझा हात आपसूक तिकडे जातो.

याहून क्रूर उदाहरण अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचं. बेसबॉलपटू कर्ट शिलिंगच्या '38 स्टुडिओज'ला त्या राज्याने साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. फेब्रुवारी 2012 मध्ये पहिला गेम आला, नव्वद दिवसांत बारा लाखांवर प्रती गेल्या. पहिल्याच गेमला हे यश कुणालाही हेवा वाटावा असं. मे महिन्यात सगळ्या कर्मचाऱ्यांना कमी केलं, जूनमध्ये दिवाळखोरी. तीस लाख प्रती खपल्या असत्या तर खर्च भरून निघाला असता, असं राज्यपाल तेव्हा म्हणाले. माझ्या मते तेही अर्धंच उत्तर. पगारपत्रकावरचा मोठा भार दुसऱ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या ऑनलाइन गेमचा होता, आणि त्यातून अजून एक डॉलरही आला नव्हता. काल विकलेल्या मालावर उद्याची किती मंडळी पोसायची आहेत, ही विभागणी प्रतींच्या आकड्यात कुठेच नसते.

उलट टोक वॉर्साच्या सीडी प्रोजेक्टचं. डिसेंबर 2020 मध्ये 'सायबरपंक 2077' इतका सदोष निघाला की आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून उतरवला. शेअर कोसळला. पण गेमचे हक्क स्वतःचे होते, उचल फेडायची नव्हती, आणि निर्मितीचा खर्च आगाऊ नोंदणीतूनच निघाला होता. त्यामुळे दुरुस्तीला वेळ मिळाला. नोव्हेंबर 2024 पर्यंत खप तीन कोटींवर गेला. बदनामी झाली म्हणून स्टुडिओ बुडतोच असं नाही. बुडतो तो रोकड संपल्यावर.

बाहेरून अंदाज बांधणारे लोक स्टीमवरचे अभिप्राय मोजतात आणि त्याला तीस-चाळीसने गुणतात. मीही हे करतो, पण दहा हजार की लाख एवढंच ठरवायला. त्यापुढची अचूकता त्या गुणाकारात नाही.

आपल्याकडे पंचाईत वेगळी. भारतात बहुतेक गेम फोनवर आणि फुकट खेळले जातात; प्रत अशी विकली जातच नाही. पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने 2025 मध्ये नियंत्रक हिस्सा घेतला. तिच्या 'रिअल क्रिकेट'सारख्या गेमच्या व्यवहारात डाउनलोड किती, हा प्रश्न मी शेवटी विचारेन. आधी बघायचं की महिन्याला पैसे खर्च करणारे किती, ते किती महिने टिकतात, आणि नवा खेळाडू आणायला जाहिरातीवर किती जातात. शिवाय इथे आणखी एक धोका आहे, तो कुठल्याच खपाच्या तक्त्यात बसत नाही. याच क्राफ्टनचा 'बीजीएमआय' हा फोनवरचा गेम जुलै 2022 मध्ये सरकारी आदेशाने दुकानांतून उतरला आणि मे 2023 मध्ये परतला.

पुण्या-मुंबईतली तरुण मुलं हल्ली गेम घेऊन भेटायला येतात. पडद्यावर अभिमानाने स्टीमवरच्या इच्छायादीतला (विशलिस्ट) आकडा दाखवतात. मी करार मागतो. उचल कुणाच्या वाट्यातून कापणार, जाहिरातीचा खर्च वसुलीत धरलाय का आणि त्याला मर्यादा आहे का, दुसऱ्या भागाचे हक्क कुणाचे, विक्रीचा हिशेब दर तिमाहीला किती दिवसांत मिळणार. आणि मग विचारतो, आज बँकेत किती महिन्यांचा पगार आहे. याचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्यातल्या सगळ्यात गप्प बसलेल्या मुलाला माहीत असतं.