कमानीखालचा स्वर्ग

लंडनच्या चेरिंग क्रॉस स्थानकाखाली विटांच्या जुन्या कमानी आहेत. वरून आगगाड्या येतात-जातात आणि खाली, त्या कमानींच्या पोटात, समलिंगी लोकांचा एक मोठा नाइटक्लब आहे. त्याचे नाव 'हेवन', म्हणजे स्वर्ग. लहानपणापासून गुडघे टेकून ज्याची आशा धरली, त्याचे नाव एका नाचघराच्या दारावर वाचून साठी ओलांडलेले आम्ही उभयता क्षणभर थबकलो.

ही गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमधली. लंडनला असलेल्या लेकीकडे आम्ही दीड महिना राहावयास गेलो होतो. वसईहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या आळीतली एक माउली सुकेळ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आली. तिचा धाकटा मुलगा आमचा धर्मपुत्र. उच्च शिक्षणासाठी तो २००९ साली लंडनला गेला आणि नोकरी लागून तेथेच राहिला. २०१५ साली त्याने आपण समलिंगी असल्याचे फोनवर घरी सांगितले. त्या दिवसापासून वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले आणि त्या घरात त्याचे नाव निघेनासे झाले.

"सुकेळी त्याला फार आवडतात," ती म्हणाली. मग उंबरठ्यावर थांबून हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "तो कुठे जातो, कोणांत बसतो, तेवढे बघून या."

त्या चार वर्षांत आम्हीही त्याला एकदाही फोन केला नव्हता. स्नानसंस्काराच्या वेळी त्याला हातांवर घेऊन वेदीपुढे दिलेले वचन आम्ही विसरलो नव्हतो. आईबाप बोलत नाहीत तेथे आपण कशाला पडावे, एवढीच सबब आम्ही स्वतःला सांगत आलो होतो.

तो लेकीकडे आम्हांला भेटावयास आला. पुडा हातात घेऊन त्याने त्याचा वास घेतला, पण सोडला मात्र नाही. आम्ही सरळच विचारले, "बाळा, शनिवारी रात्री तू कुठे जातोस?"

तो हसला. "काका, मावशी, बघायचेच असेल तर चला. पण आईला सांगताना कमीजास्त करू नका."

दारावर मोठी रांग होती आणि नाना वर्णांची, नाना देशांची तरुण मुले त्या रांगेत उभी होती. रक्षक प्रत्येकाची पिशवी तपासत होते. आमच्या मंडळींच्या पर्समधून जपमाळ निघाली. त्या धिप्पाड रक्षकाने ती दोन बोटांनी उचलली, क्षणभर पाहिली, होती तशी परत ठेवली आणि पर्सची चेन स्वतःच लावून दिली.

आत गेल्यावर संगीताच्या आवाजाने छातीत ठोके बसू लागले. उंच कमानी, त्यांखाली दाटलेला धूर, त्याला चिरीत जाणारे दिव्यांचे झोत आणि त्यांत नाचणारी शेकडो माणसे. तेथले सर्वच आम्हांला रुचले, असे म्हटल्यास ते असत्य होईल. मद्य पाण्यासारखे वाहत होते, काहींच्या अंगावर कपडे नावालाच होते, आणि पुरुष पुरुषाच्या मिठीत पाहताना आमची नजर पुनःपुन्हा जमिनीकडे वळत होती. परंतु ज्या बीभत्साची कल्पना करून आम्ही गेलो होतो, ते काही आम्हांला दिसले नाही. मुले नाचत होती, हसत होती, घामाघूम होत होती. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात बँड लागल्यावर नाचतात, तशीच.

थोड्या वेळाने मंडळींचे गुडघे दुखू लागले. नाचघरात बसावयास काही दिसेना. तेवढ्यात उघड्या दंडांवर गोंदून घेतलेला एक तरुण गर्दीतून वाट काढीत कोठूनसे एक स्टूल घेऊन आला आणि मागोमाग पाण्याचा पेला. "तुम्ही याची आई का?" त्याने ओरडून विचारले. "धर्ममाता," आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही. नुसता उभा राहिला, आणि मग वळून गर्दीत निघून गेला. "त्याची आई त्याला दारात उभी करत नाही," आमचा धर्मपुत्र कानाशी येऊन म्हणाला.

मध्यरात्रीनंतर आम्ही बाहेर पडून थेम्सच्या काठी येऊन बसलो. तेथे त्याने आम्हांला त्या जागेची हकिकत सांगितली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ पर्यंत समलिंगी पुरुषांचा संबंध हा गुन्हाच होता. हेवन उघडले ते १९७९ च्या डिसेंबरात. तेथे टेरेन्स हिगिन्स नावाचा वेल्समधला तरुण काम करीत असे. १९८२ साली तो तेथेच कोसळला आणि त्याच वर्षी ४ जुलैला सेंट थॉमस रुग्णालयात वारला. त्याचे वय ३७. एड्सने दगावलेल्या ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या रुग्णांपैकी तो एक. त्या रोगाची भीती एवढी होती, की लोक रुग्णाजवळ जावयास धजत नसत. अशा काळात हिगिन्सच्या मित्रांनी त्याच्या नावाने संस्था काढली. ती आजही काम करीत आहे.

बोलता बोलता त्याने पिशवीतून पुडा काढला आणि सोडला. त्याचे दोन मित्र आले होते, स्टूल आणणारा तरुणही आला होता. नदीच्या कठड्यापाशी, रात्री एक वाजता, वसईची सुकेळी चौघांत वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी तो आम्हांला फार्म स्ट्रीटवरील येशूसंघीयांच्या चर्चमध्ये मिस्साला घेऊन गेला. समलिंगी कॅथोलिकांचा एक समूह पूर्वी सोहो भागातल्या वॉरिक स्ट्रीटच्या चर्चमध्ये मिस्सासाठी जमत असे; २०१३ साली तो आर्चबिशपांच्या सांगण्यावरून या चर्चमध्ये आला. आमच्या पुढच्या बाकावर काल रात्री पाहिलेला एक चेहरा होता. मिस्सा संपल्यावर धर्मपुत्र म्हणाला, "काका, शनिवारी तिथे आणि रविवारी इथे मी एकच असतो. गावात मला दोन व्हावे लागायचे."

परत आल्यावर आम्ही कॅटेकिझम उघडला. समलिंगी संबंधांना ख्रिस्तसभा मान्यता देऊ शकत नाही, हे परिच्छेद २३५७ मध्ये आहे आणि ते आम्हांला ठाऊक होते. पण त्याला लागूनच परिच्छेद २३५८ आहे. अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याबाबत अन्यायाचा भेदभाव कोणत्याही रूपात होऊ देऊ नये, असे तेथे म्हटले आहे. एकाच पानावरच्या दोन गोष्टींपैकी एक आमच्या घराघरांत तोंडपाठ असावी आणि दुसरी कोणाच्या कानीही नसावी, याची आम्हांला लाज वाटली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला आणि आपल्याकडेही प्रौढांच्या संमतीचा असा संबंध गुन्हा राहिला नाही. न्यायालयाचे काम तेथे संपले. घराचे दार उघडण्याचा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.

आम्ही त्या माउलीकडे गेलो. वडील ओटीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. आम्ही कमीजास्त न करता सारे सांगितले: कमानी, दारू, नाच, जपमाळ, स्टूल, नदीकाठ आणि मिस्सा. तिने पदराने डोळे पुसले आणि एवढेच विचारले, "बारीक झालाय का?"

"थोडासा," आम्ही म्हणालो.

तेवढा वेळ ओटीवर वर्तमानपत्राचे पान एकदाही उलटले नव्हते. आम्ही निरोप घेऊन पायऱ्या उतरू लागलो, तेव्हा पाठीमागून आवाज आला, "सुकेळी खाल्ली का त्याने?"

"खाल्ली," आम्ही वळून सांगितले. "मित्रांना वाटून खाल्ली."

त्यांनी मान हलविली आणि पान उलटले. त्यांनी पुढे काही विचारले नाही आणि आम्हीही थांबलो नाही. घरी येऊन मात्र आम्ही पहिले काम केले ते धर्मपुत्राला फोन करण्याचे. तेव्हापासून दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही त्याला फोन करतो. हे चार वर्षांपूर्वीच करावयास आम्हांला कोणी अडविले होते?