संकेतार्थ

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही मराठीचे व्याकरण शिकवीत होतो. क्रियापदाचे अर्थ चार : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. पहिले तीन सुखरूप पार पडले. चौथ्याची उदाहरणे आम्ही फळ्यावर लिहिली. ‘पाऊस वेळेवर पडला असता, तर पीक बुडाले नसते.’ ‘वैद्य लवकर आला असता, तर रोगी वाचला असता.’ ‘नावाड्याने ऐकले असते, तर होडी उलटली नसती.’ इतक्यात मागल्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, तुमच्या संकेतार्थात नेहमी काहीतरी वाईटच का होते?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. शिक्षकाने अशा वेळी हसावे, हे बरे असते. पण संध्याकाळी घरी परतताना, फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभे असता, तो प्रश्न पुन्हा आठवला आणि मग काही हसू आले नाही. त्या मुलाने अजाणता आमच्या मर्मावर बोट ठेवले होते. फळ्यावरची ती तीन वाक्ये आम्ही कोणत्याही पुस्तकातून घेतली नव्हती. ती आमच्या मनात तयारच होती.

प्रांजळपणे सांगायचे तर आमचे सारे आयुष्यच ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यामध्ये चालले होते. आमचे घर नदीपलीकडे. घरात कोकणी आणि शाळेत मराठी, अशी आमची रोजची ये-जा. काळजी मात्र दोन्ही भाषांत सारखीच अस्खलित. कोकणीत तिला ‘हुस्को’ म्हणतात. सकाळची बोट चुकली तर? मुख्याध्यापकांनी बोलावले आहे. तक्रार आली असेल तर? आईने फोन उचलला नाही. ती न्हाणीघरात घसरून पडली असेल तर? चवथीच्या दिवसांत आल्यागेल्याने आमच्या घरच्या माटोळीची शोभा पाहावी, आणि आम्ही मात्र तिची दोरी पाहत बसावे! त्यातला नारळ सुटला, तर नेमका कोणत्या पाहुण्याच्या मस्तकावर पडेल, याचा हिशेब आम्ही आरती चालू असतानाच मांडीत असू.

गंमत अशी, की या दोषाची आम्हांला शाबासकीच मिळत गेली. उत्तरपत्रिकांतील गुणांची बेरीज आम्ही तीन-तीनदा करीत असू. सहलीला निघताना मुलांची मोजणी पाच वेळा करीत असू. सहकारी म्हणत, “सर फार जबाबदार.” आम्हांलाही तसेच वाटे. काळजी करणे म्हणजेच काळजी घेणे, अशी आमची ठाम समजूत होती. आम्ही काळजी करणे थांबवले, तर ज्यांची काळजी करतो त्यांचे काही बरेवाईट होईल, असेही मनाच्या तळाशी कुठेतरी वाटत असे.

देह मात्र कुरकुर करू लागला. मान आणि खांदे लाकडासारखे ताठ. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की मनाचा बाजार भरे. पहाटे डोळा लागावा, तो बोटीची वेळ झालेली. वाचलेले लक्षात राहीना. यत्किंचित कारणाने मुलांवर ओरडू लागलो. छातीत धडधडते म्हणून हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. सारे काही ठीक निघाले. त्यावर मनुष्याने पेढे वाटायचे. आमच्या मनात आले, हा अहवाल दुसऱ्याच कोणाचा असला तर? आई रात्री उशाशी येऊन विचारी, “तुका कितें जाता रे?” आणि आम्ही म्हणत असू, “कांय ना.”

त्याच वर्षी दहावीत एक मुलगी होती. अभ्यासात चांगली, अक्षर मोत्यासारखे. तास संपला, की ती टेबलापाशी येई. “सर, पेपरात वेळ पुरला नाही तर?” “सर, आसनक्रमांक चुकीचा लिहिला गेला तर?” “सर, त्या दिवशी बाबांची गाडी बंद पडली तर?” आम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणालो, “वेडे, उगाच काळजी करू नकोस. सगळे ठीक होईल.” पुन्हा आली, तेव्हाही तेच सांगितले. चौथ्या-पाचव्या वेळी आमच्या स्वरात थोडा त्रासिकपणाही आला असावा. त्यानंतर ती विचारायला आली नाही. आम्हांला समाधान वाटले, की आमच्या शब्दाचा गुण आला.

दिवाळीच्या सुटीनंतर तिची आई शाळेत आली. मुलगी रोज सकाळी शाळेत निघण्यापूर्वी ओकते, रात्री झोपत नाही, दिवसभर पोटात दुखते म्हणते. पोटाच्या डॉक्टरांना काही सापडले नाही, शेवटी त्यांनीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, असे तिने सांगितले. “सर, हा आजार आहे म्हणे. नुसती परीक्षेची भीती नव्हे. तिला सगळ्याचीच काळजी वाटते, आणि ती तिला आवरत नाही.” मग ती माउली एकेक लक्षण सांगू लागली, आणि आम्ही ऐकता ऐकता खुर्चीत खिळून राहिलो. ती आपल्या मुलीविषयी बोलत होती. पण प्रत्येक वाक्य आमचे होते.

दोन गोष्टींची आम्हांला त्या दिवशी लाज वाटली. जे दुखणे आम्ही वर्षानुवर्षे अंगावर वागवीत होतो, ते समोर येऊन उभे राहिले, तरी आम्हांला ओळखता आले नाही. आणि आमच्या ‘काळजी करू नकोस’ने मुलीची काळजी थांबली नव्हती, ती सांगणे तेवढे थांबले होते.

पंधरवड्याने आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेलो. तिथल्या बाकावर बसतो न बसतो, तोच शेजारी पाहिले, तर आमच्याच शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील! त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “डोळे दाखवायला आलो होतो.” आम्ही म्हणालो, “आम्हीही.” आणि मग दोघेही, डोळ्यांचा विभाग पलीकडच्या इमारतीत आहे हे पुरते ठाऊक असून, तिथेच निमूटपणे बसून राहिलो. आजही ते रस्त्यात भेटले, की आम्ही एकमेकांच्या डोळ्यांची विचारपूस करतो.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. सारखी लक्षणे कंठस्थ ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, बिघाडानेही होऊ शकतात, म्हणून आधी ती तपासणी करविली. मागल्या दोन आठवड्यांविषयी सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. ही प्रश्नावली २००६ साली तयार झाली; तिचे एकूण गुण एकवीस. परीक्षकाच्या सवयीने आम्ही आमची बेरीज तीनदा केली. सतरा भरले. आयुष्यात प्रथमच अधिक गुण मिळाल्याचे दुःख झाले. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही, असे सांगून बाईंनी आणखी पुष्कळ विचारले, आणि मग रोगाचे नाव उच्चारले : जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर, आपण त्याला सार्वत्रिक चिंताविकार म्हणू. अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र नाव १९८० साली मिळाले. त्यापूर्वीही माणसे त्याने झुरतच होती. ‘स्वभावच तसा’ म्हणून त्यांची बोळवण होत असे.

विद्यार्थिमित्रहो, चिंता सगळ्यांनाच असते आणि ती असावीही. तीच आपल्याला पुस्तक उघडायला लावते, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहायला लावते. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. कठीण गोष्ट शिकताना थोडा ताण उपकारक ठरतो आणि फार झाला की तोच घात करतो, असे त्यांना आढळले. परीक्षेची चिंता परीक्षेबरोबर संपली, तर तो विकार नव्हे. पण निदान सहा महिने, बहुतेक दिवशी, एक सोडून अनेक गोष्टींविषयी, आवरू म्हणता न आवरणारी चिंता लागून राहिली. तिच्यासोबत अस्वस्थपणा, लवकर येणारा थकवा, एकाग्रतेचा अभाव, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा आणि झोपेचा बिघाड, यांपैकी निदान तीन लक्षणे असली, आणि रोजचे जगणे त्यामुळे अडू लागले, तर ती वैद्याला दाखवण्याची बाब आहे. मुलांच्या बाबतीत या सहांपैकी एक लक्षणही पुरे धरतात.

हे का होते? आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. त्याचे काम राखणदाराचे. संकटाची चाहूल लागली, की तो आरोळी ठोकतो. हृदय जोरात चालू लागते, श्वास भरभर होतो, स्नायू आवळले जातात. वाघ समोर आला, तर पळायला किंवा झुंजायला हेच उपयोगी. पण काहींचा राखणदार पान हलले तरी आरोळी ठोकतो आणि रात्रभर ठोकत राहतो. काही घराण्यांत ही प्रवृत्ती आनुवंशिक असते, काहींच्या वाट्याला आलेले प्रसंग ती वाढवतात. ती भित्रेपणाची खूण नाही की श्रद्धा कमी पडल्याचीही नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला हा राखणदार चांगला ठाऊक असावा.

येथे आम्हांला आमच्या मुलखातली एक आख्यायिका आठवते. संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक, आबे फारिया, १७५६ साली बारदेशात कांदोळी येथे जन्मला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. सांगतात, की तरुणपणी लिस्बनला राणीपुढे प्रवचन करायला उभा राहिला असता त्याची बोबडी वळली. तेव्हा त्याचे वडील हळूच कोकणीत पुटपुटले, “कातर रे भाजी!” समोरची मंडळी म्हणजे नुसता भाजीपाला समज आणि चिरीत सूट, असा भावार्थ. मुलाचे भय पळाले आणि प्रवचन रंगले. गोष्ट मोठी गोड आहे, आणि वर्गात आम्ही ती अनेकदा सांगितली आहे. पण आता सांगताना एक पुस्ती जोडतो. ते एका प्रसंगाचे भय होते. त्याला एक वाक्य पुरले. ज्याचा रोजचा दिवस म्हणजेच राणीपुढचे प्रवचन, त्याला ‘कातर रे भाजी’ पुरत नाही. ते न पुरल्याबद्दल त्यालाच दोष देणे, हा तर अन्यायच.

मग पुरते काय? आम्हांला दोन उपाय लागू पडले. पहिला, विचारांना तपासून पाहण्याची शिकवणी. संध्याकाळी सहा ते साडेसहा ही वेळ काळजीसाठी राखून ठेवायची. इतर वेळी ती आली, तर वहीत टिपून तिला ‘सहाला ये’ म्हणायचे. सहा वाजता वही उघडून प्रत्येक ‘जर’पुढे लिहायचे, की हे घडण्याचा पुरावा काय, आणि घडलेच तर आपण काय करू. पहिल्या महिन्यात वही भरली. चौथ्या महिन्यात सहा वाजता पुष्कळशा काळज्या हजरच राहीनात. दुसरा उपाय गोळ्यांचा. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्या आपल्या मनाने सुरू करू नयेत, तशाच बंदही करू नयेत. सगळ्यांना दोन्ही लागतातच असे नाही. ते डॉक्टरांनी ठरवावे.

आपल्या गोव्याला या बाबतीत अभिमान वाटावा, अशीही एक गोष्ट आहे. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने गोव्यातील चोवीस दवाखान्यांत आणि आरोग्य केंद्रांत एक मोठा प्रयोग झाला. वैद्यकाची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी खिन्नतेच्या आणि चिंतेच्या रुग्णांना आधार दिला. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत, जेथे हे समुपदेशक होते, तेथे अधिक रुग्ण बरे झाले. शेजारी बसून नीट ऐकून घेणारे माणूस हेही औषधाचा भाग असते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मूल ‘काळजी वाटते’ म्हणाले, तर ‘करू नकोस’ म्हणण्याआधी ‘कसली?’ असे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकावे. पोटदुखी, डोकेदुखी, शाळा टाळणे, पुन्हा पुन्हा तेच विचारणे, यांना ढोंग समजू नये. डॉक्टरांकडे जायला लाजू नये; गेलाच, तर डोळ्यांचे निमित्त सांगू नये. आणि विद्यार्थिमित्रहो, सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री, केव्हाही बोलता येते. पण त्याआधी आमच्या टेबलापाशी आलात, तरी चालेल. आता आम्ही त्रासिक होत नाही.

ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. परीक्षेच्या सकाळी ती ओकली, तोंड धुतले आणि पेपराला गेली, असे तिनेच आम्हांला सांगितले. आमच्या मते शौर्य म्हणतात ते याला. आम्ही तिची क्षमा मागितली. ती संकोचली, आणि म्हणाली, “सर, तुम्हीसुद्धा दोन्हीकडे पाहूनच बोटीत चढता. मी पाहिलेय.”

आमचा राखणदार अजून आहे. अधूनमधून आरोळी ठोकतो. पण आता आम्ही उठून दिवा लावून पाहतो, आणि पान हललेले दिसले, की पुन्हा निजतो. यंदाही नववीच्या वर्गात संकेतार्थ आला. या वेळी उदाहरणे आम्ही दिली नाहीत, मुलांकडूनच मागितली. नदीपलीकडून येणाऱ्या एका मुलाने लिहिले, ‘आजची बोट चुकली असती, तर मी पुढच्या बोटीने आलो असतो.’

वाक्य शुद्ध होते. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.