यू नो मी, अ‍ॅल!

तर मंडळी, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी रिंग लार्डनरचं 'यू नो मी अ‍ॅल' (१९१६) वाचाच! शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर जॅक कीफ गावाकडच्या मित्राला पत्रं लिहितो, बस्स, एवढंच पुस्तक. जिंकला तर स्वतःमुळे, हरला तर बाकीचे गाढव म्हणून. (प्रॉडक्शनमध्ये बग सापडला की आमच्याकडेही असेच मेल फिरतात.) स्पेलिंग आणि व्याकरण दिव्य, त्यामुळे सुरुवातीला जाम अडखळायला होतं. टाय कॉबसारखे खरे खेळाडूही मधेच डोकावतात.

मला आवडला तो अ‍ॅल... त्याचं एकही उत्तर आपल्याला वाचायला मिळत नाही, आणि जॅकला उसने पैसे मात्र तोच देतो. माझाही गावी असा एक अ‍ॅल आहे, माझे लांबलचक मेल निमूट वाचणारा. गुटेनबर्गवर पुस्तक फुकट आहे, आज त्याला लिंक पाठवतोय.