भिंगामागची पिशवी आणि औषधाची कांडी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टिपटलाच्या मध्यभागी रेंगाळणारी सूज थेंबांना दाद देत नाही, तेव्हा काही रुग्णांच्या डोळ्यात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ०.७ मिलिग्रॅमची, साधारण ६ मिलिमीटर लांबीची विरघळणारी कांडी सुईने सोडली जाते. नैसर्गिक भिंगाची मागची पातळ पिशवी शस्त्रक्रियेत फाटली असेल, तर ही कांडी पुढच्या कप्प्यात घसरून कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक दर्शनी भागाच्या, आतल्या थराला घासू शकते. तेथील पेशी पुन्हा निर्माण होत नसल्याने कांडी वेळीच हलवली वा काढली नाही, तर कॉर्निया कायमचा धुरकटू शकतो. दुसरा धोका अधिक कपटी म्हणावा लागेल, कारण स्टेरॉइडमुळे वाढून साधारण दोन महिन्यांनी कमाल पातळी गाठणारा डोळ्यातील दाब बहुधा दुखत नाही आणि दृष्टीची नस मात्र सुकवतो. म्हणून दाब वेळोवेळी तपासावा लागतो; पण काळी नदीच्या खोऱ्यात, जंगलात विखुरलेल्या, कर्नाटकातील जोयडा तालुक्यातल्या कुणबी वाड्यांतून दृष्टिपटलतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे हुबळी वा बेळगावची वाट धरणे आले, आणि ऐन पावसात दाबाची तपासणी हमखास पुढे ढकलली जाते. अशा अंतरावरून घसरलेली कांडी वेळीच काढून घेणेही अवघड, म्हणून पिशवी शाबूत आहे की फाटली, हे शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहून घ्यावे आणि कांडी सोडण्यापूर्वी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.