जळगाव स्टेशनावरचा नमस्कार



पायी वारीची ताकद गुडघ्यांत उरली नाही, म्हणून अलीकडे मी आगगाडीचा वारकरी झालो आहे. आमच्या शिंदखेड्याच्या माणसाला पंढरीला जायचे तर आधी जळगाव गाठावे लागते. सुरतेकडून येणारा आमचा फाटा नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अंमळनेर, धरणगाव करीत जळगावला मुंबई-भुसावळच्या मोठ्या मार्गाला मिळतो. तिथे गाडी बदलायची. पुढे मनमाड, दौंड, कुर्डुवाडी आणि मग पंढरपूर. कुर्डुवाडीहून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी असे. १९०६ पासून तिने किती वारकरी चंद्रभागेकाठी पोहोचवले, ते पांडुरंगच जाणे. आता तिथे मोठे रूळ आहेत, आणि आषाढीला भुसावळहून खास गाड्या सुटतात.

मुक्ताईच्या दर्शनाची वाटही आम्हाला जळगाववरूनच. जळगावहून भुसावळ आणि तिथून एस.टी.ने मुक्ताईनगर. त्या गावाला आम्ही तेव्हा एदलाबाद म्हणत असू. माझी गोष्ट त्या काळातली आहे. चाळीसएक वर्षे तरी झाली. आजवर कोणत्याही कीर्तनात मी ती सांगितली नाही.

महाशिवरात्रीची यात्रा होती. मुक्ताईच्या दारी माझे कीर्तन झाले. विषय चांगदेवांचा. वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आलेले एवढे मोठे योगी, आणि शेवटी लहानग्या मुक्ताईला गुरू मानून नमले. अहंकार कसा गळतो हे मी तास-दीड तास रंगवून सांगितले. लोकांनी हार घातले, पाया पडले. तो हार गळ्यात तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर जळगावला उतरलो. शिंदखेड्याकडची पॅसेंजर पुलापलीकडे उभी होती. बरोबर लोखंडी पेटी आणि वळकटी. पेटीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि टिपणांच्या वह्या. पेटी चांगलीच जड. मी हमालाला हाक मारली.

लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला, गळ्यात तुळशीची माळ. त्याने पेटी डोक्यावर घेतली, पूल चढला, उतरला आणि डब्यात नीट ठेवून दिली. मी पैसे काढले तर हात जोडून म्हणाला, "नको महाराज. काल किर्तनले मी बी व्हतू. चांगदेवनं आख्यान भलतं आवडनं." आणि तिथेच फलाटावर वाकून माझ्या पायांवर डोके ठेवले.

माउली, आपल्या संप्रदायाची रीत तुम्हाला सांगायला नको. समोरचा पायावर वाकला की आपणही त्याच्या पायावर वाकायचे. लहान-थोर, जात-पात, बुवा-श्रोता काही पाहायचे नाही. मी काय केले? हात उचलून आशीर्वाद दिला. तो उठला, क्षणभर तसाच उभा राहिला, मग डोक्यावरची चुंबळ सारखी करीत दुसऱ्या गाडीकडे निघून गेला.

धरणगाव गेले तरी मला काही वाटले नाही. अंमळनेरला गाडी थांबली. बोरीकाठच्या सखाराम महाराजांना बसल्या जागेवरून हात जोडले, आणि जोडलेले हात पाहूनच लक्षात आले. याच गावच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ साली विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. दार उघडले. आणि मी? ज्याने माझी ज्ञानेश्वरी डोक्यावरून वाहिली, त्याच्यापुढे माझी मान लवली नाही. आदल्या रात्री चांगदेवाचा अहंकार घालवणारा मीच होतो!

पुढे जळगावला जेव्हा जेव्हा उतरलो, तेव्हा लाल सदऱ्यांत तो चेहरा शोधला. नाव विचारले नव्हते, मग चौकशी तरी कोणत्या तोंडाने करणार? चांगदेवांवर कीर्तने पुढेही केली. पण ते नमतात त्या जागी माझा आवाज अडखळे. लोकांना वाटे, बुवांना गहिवर आला.

गेल्या आषाढीला जळगावला गाडी बदलताना एका तरुण हमालाने माझी पिशवी नातवाच्या हातून घेऊन डब्यात ठेवली. मी गुडघ्यावर हात टेकून त्याच्या पायाशी वाकलो. तो दचकून मागे सरला. म्हणाला, "बाबा, काही पडलं का तुमचं?"

"हो रे," म्हटलं, "फार दिवसांपूर्वी पडलं होतं."

त्याचा नमस्कार याला पोहोचला असे मी म्हणत नाही. राहिलेला नमस्कार राहिलाच. तुम्हाला सांगणे एवढेच, की यंदा पंढरीच्या वाटेवर मनमाडला, दौंडला, कुर्डुवाडीला गाडी बदलाल, तेव्हा घाई असेल, गर्दी असेल. तरी कुणी वाकले तर लगेच वाका. पुढची गाडी मिळते, माउली. ते माणूस पुन्हा भेटेलच असे नाही.

रामकृष्ण हरी.