रंधा मशीन, तुझ्या यादीतलं काय घेऊ?

प्रिय रंधा मशीन,



दिल्लीच्या मुनिरक्यात तुझा मोह पडणं साहजिक आहे. आउटर रिंग रोडला फर्निचरची दुकानं, मागे गावाच्या अरुंद गल्ल्या आणि भाड्याच्या खोल्यांत दरवर्षी बदलणारे विद्यार्थी. टेबल-पलंगाला गिऱ्हाईक आहे, कारखान्याला जागा नाही. म्हणून एका मोटरवर रंधा, करवत, ड्रिल, लेथ सगळं चालवणारी तू हवीशी वाटतेस. माझी तक्रार आहे ती तुझ्यासोबत येणाऱ्या जोडांच्या लांबलचक यादीबद्दल.

तुझी हत्यारं एकाच शाफ्टवर बसतात, म्हणून एकाच वेगानं फिरतात. मिनिटाला चार हजार फेरे रंध्याला मानवतात. दहा इंची करवतीलाही मानवतात. तेव्हा तिचे दात सेकंदाला 50 मीटरहून जोरात धावतात. पण त्या वेगात मोठं भोक पाडलं की बिट तापतो आणि लाकूड करपतं. लेथवर जाड ठोकळा लावला, तर तो सुटून अंगावर येईल. अमेरिकेत 1947 मध्ये हान्स गोल्डश्मिट यांनी शॉपस्मिथमध्ये पाच कामं एकत्र आणली, तीही वेग बदलण्याची सोय ठेवून. ती सोय नसलेला जोड फुकट मिळाला तरी नको. भोकांना हातातलं ड्रिल पुरे.

वाचलेले पैसे कुठे घालायचे? करवत चालू असताना रंध्याची पातीही फिरतच असतात, तेव्हा आधी त्यांच्यावरचं झाकण. मग लाकूड सरळ धरणारी भक्कम फेन्स आणि करवतीमागची उभी पट्टी; ती चीर मिटू देत नाही, म्हणून लाकूड उलटं फेकलं जात नाही. इथलं बरंचसं काम आठ बाय चारच्या प्लायचं. प्लायमधला गोंद साध्या पोलादी दातांची धार लवकर घालवतो, म्हणून कार्बाइड टिपची दोन पाती घ्यावीत: प्लायला साठ-ऐंशी दातांचं, सागवान उभं चिरायला चोवीसचं. शिवाय एवढा प्लाय तुझ्या टेबलावर मावत नाही; त्याला टेकू द्यायला रोलरचा स्टँड लागतो.

शेवटी भुसा ओढणारा पाइप. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 च्या अहवालात नोंदवलं आहे. आणि इथे समोरची खिडकी हाताच्या अंतरावर असते.

तेव्हा एकच मागणं: तुझ्या प्रत्येक जोडावर त्याचा कमाल वेग ठळक कोरलेला असू दे. मग काय घ्यायचं, ते आम्ही पाहून घेऊ.

तुझा,
एक भावी गिऱ्हाईक