विसरलेला रकाना

माणसांवर मी सहसा पटकन विश्वास टाकीत नाही, पण संगणकावर टाकला. वर्गाचा निकाल एक्सेलमध्ये लावू लागल्यापासून बेरीज पडताळून पाहण्याची माझी सवयच सुटली. पूर्वी दोघा शिक्षकांनी समोरासमोर बसायचं, एकानं आकडे वाचायचे नि दुसऱ्यानं खुणा करायच्या. आता बोटानं कळ दाबली की संपलं!

दोन वर्षांपूर्वी आठवीचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी वर्षाच्या मध्येच दुसऱ्या शाळेतून आलेली, पटावर शेवटची, बाकावरही शेवटची. "गुरुजी, हिला तालुक्याच्या वसतिगृहात घालायची होती. साठ टक्के लागतात. हिला तर त्रेपन्नच," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. तीच मला जास्त लागली. मुलगी खाली बघत पुटपुटली, "सर, माझी बेरीज ३८९ येते."

गुणपत्रकावर ३१८ छापले होते. मी हसून म्हणालो, "बाळ, संगणक चुकत नाही."

रात्री जेवताना ते वाक्य घशात अडकलं. उठून कागदावर बेरीज केली. ३८९!

मग संगणक ३१८ का म्हणतो? एक्सेलमध्ये याची झडती घेण्याची सोय आहे. एखादा आकडा कुठून आला हे विचारलं, की त्याला गुण पुरवणाऱ्या घरांपासून त्याच्यापर्यंत निळा बाण येतो. मी एकेचाळिसाव्या ओळीतल्या त्या बेरजेवर जाऊन 'ट्रेस प्रेसिडेंट्स' शोधलं, तर बटण करडं, निर्जीव. तासभर झगडलो. शेवटी एका सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्डखाली, ऑब्जेक्ट्स लपवून ठेवलेले असतील. 'ऑल' करा." खरंच, बाणही त्या लपवलेल्यांतच मोडत होते.

बाण उमटला. गुणांभोवती निळी चौकट आली, आणि पाचव्या विषयाशीच थांबली. सहावा रकाना बाहेर राहिला होता. तो रकाना इतिहास-भूगोलाचा, म्हणजे माझाच! तिचे त्यातले ७१ गुण मीच दिले होते आणि मीच गाळले होते. उशिरा आलेल्या मुलीची ओळ मी वरचं सूत्र खाली ओढून न भरता हातानं लिहिली, नि एक अक्षर अलीकडे थांबलो.

पण खरा धक्का पुढेच होता. सूत्रातून शेजारचं घर सुटलं की एक्सेल सूत्राच्या घराच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण काढतं. तोही आला होता. मला आठवलं, घाईत मी त्यावर 'इग्नोअर एरर' निवडलं होतं. यंत्रानं सांगितलं, मुलीनं सांगितलं. ऐकलं नाही ते मी.

मोठमोठी माणसंही अशीच घसरतात. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली, राष्ट्रांचं कर्ज फार वाढलं की वाढ खुंटते, असा निबंध लिहिला. अनेक देशांतल्या काटकसरीच्या धोरणाला त्याचा आधार दिला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांचा तक्ता उघडला. सरासरीचं सूत्र ४९व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४व्या ओळीवर थांबलं होतं. ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत पाच देश बाहेर! निबंधात इतरही दोष निघाले, पण ही चूक लेखकांनी मान्य केली. तिथेही विचारणारा विद्यार्थीच होता.

मी कादंबऱ्या लिहितो. शेवटच्या प्रकरणात एखादं पात्र खोटं वाटू लागलं, तर दोष तिथे नसतो. मागे जाऊन कुठलं पान सुटलं ते बघावं लागतं. वर्गात इतिहास शिकवतो, तोही हेच विचारायला शिकवतो, की हे आलं कुठून? मग माझ्याच आकड्याला मी ते का विचारलं नाही?

सकाळी मुख्याध्यापकांकडून नवं गुणपत्रक घेतलं आणि मुलीच्या वडिलांबरोबर स्वतः वसतिगृहात गेलो. प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. जागा मिळाली. परतताना त्यांनी माझे आभार मानले. मान वर करून ते घेण्याचं धैर्य मला झालं नाही.

आता निकाल छापण्याआधी मी प्रत्येक मुलाला त्याचे गुण देतो आणि म्हणतो, "बेरीज तू कर. माझ्याशी जुळली नाही, तर येऊन सांग." पहिल्यांदा शेवटच्या बाकाला विचारतो.